आल्प्स नंतर, आधी कपिलधार!

ऑफिसातल्या कलीगचे युरोप ट्रिपचे फोटो बघून तुमच्याही पोटात दुखलंय ना? माझ्याही! चार मित्र, भाड्याची छोटीशी कार, मागे बर्फाचे डोंगर आणि पुढे मोकळा रस्ता... आमच्या ग्रुपनेही पुढच्या उन्हाळ्यासाठी असाच बेत आखलाय. अडचण एकच. आमच्यापैकी एकाकडेही स्वतःची गाडी नाही. लायसन्सं आहेत, पण ती नुसती पाकिटात पडून. भाड्याची गाडी घेताना पैसे कुठे वाचतात आणि टोपी कुठे बसते, याचा अनुभव शून्य. मग म्हटलं, युरोत चुका करण्यापेक्षा आधी रुपयांत करून बघू!

कुठे जायचं, ते मात्र अप्पांमुळे ठरलं. आमचे अप्पा एसटीत कंडक्टर होते, मूळचे लातूरकडचे. तरुणपणी कार्तिकात दिंडीबरोबर पायी कपिलधारला जायचे. बीडपासून वीसेक किलोमीटरवर, बालाघाटाच्या डोंगरात मन्मथस्वामींची समाधी आहे. सोळाव्या शतकातले हे वीरशैव संतकवी. ‘परमरहस्य’ हा त्यांचा मराठी ग्रंथ लिंगायत घरांतून आजही वाचला जातो. कार्तिक पौर्णिमेला महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणातून इथे माणूस लोटतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अप्पांची दिंडी सुटली. ‘‘आता कुठलं कपिलधार,’’ एवढंच ते एकदा जेवताना म्हणाले. त्यांचा विषय तिथे संपला. माझा नाही.

पाटी बघून गाडी घ्या!

एका मित्राच्या ओळखीत दिवसाला १३०० रुपयांत हॅचबॅक मिळत होती. कागद नाही, पावती नाही, चावी घ्या आणि सुटा. मी जाम खूश. अप्पांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘पाटी कसली हाय?’’

पांढरी होती. म्हणजे खासगी. आपल्याकडे ड्रायव्हरशिवाय भाड्याने द्यायच्या गाडीला काळी पाटी आणि त्यावर पिवळी अक्षरं असतात. १९८९च्या केंद्र सरकारच्या योजनेखाली त्याचा परवाना मिळतो. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं, ती ड्रायव्हरवाली टॅक्सी. खासगी गाडी गुपचूप भाड्याने दिली-घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. मग गाडीचा खर्च तर खिशातून जातोच, समोरच्या माणसाची भरपाईही गळ्यात पडू शकते.

‘‘हा बिनतिकिटाचा प्रवास हाय,’’ अप्पा म्हणाले. ‘‘चेकर येईपर्यंत फुकट!’’

शेवटी काळ्या पाटीची गाडी घेतली. दोन दिवसांचे ४४०० रुपये, ६०० किलोमीटरची मर्यादा, पेट्रोल आपलं. ५००० रुपये डिपॉझिट, तेही परतीच्या बोलीवर. पुण्याहून कपिलधार एका बाजूने अडीचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे इकडेतिकडे वळायलाही मर्यादेत जागा होती. पेट्रोल ३३०० रुपयांचं लागलं. एकूण ७७०० रुपये आणि टोल वेगळा, तो गाडीच्या फास्टॅगमधून कापून नंतर आपल्या बिलात येतो.

आता खरं सांगू? ड्रायव्हरवाली गाडी फार महाग पडली नसती. ते दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. १३ रुपयांच्या दराने दोन दिवसांचे ७८०० रुपये, वर ड्रायव्हरचा भत्ता. म्हणजे वाचले ते हजारभरच. मग स्वतः चालवायची हौस कशाला? त्याचं उत्तर मला रस्त्यावर मिळालं.

थांबत थांबत...

श्रावणातला शनिवार. पहाटे पाचला निघालो, वाघोलीचं ट्रॅफिक जागं व्हायच्या आत. अहिल्यानगर, आष्टी, जामखेड असा रस्ता. २०२५च्या सप्टेंबरात अहिल्यानगर-बीड रेल्वे सुरू झाली, पण कपिलधारच्या डोंगरात शिरायला अजूनही चार चाकंच हवीत.

तासाभराने अप्पा म्हणाले, ‘‘जरा थांबव की.’’ गुडघा आखडला होता. थांबलो. अर्ध्या तासाने पुन्हा. मग एका टपरीवर चहा. मग आईला भुईमुगाच्या शेंगा दिसल्या म्हणून परत ब्रेक! जामखेडच्या पुढे सौताड्याला दरीत कोसळणारा रामेश्वरचा धबधबा आम्ही वरूनच पाहिला, तोही अर्धा तास. दुसऱ्याच्या गाडीत अप्पा एवढ्या वेळा ‘थांबव’ म्हणालेच नसते. जन्मभर दुसऱ्यांसाठी घंटी मारलेला माणूस. स्वतःसाठी घंटी मारताना त्यांना मी पहिल्यांदाच बघत होतो.

पाटोदा मागे टाकून मांजरसुंब्याला धुळे-सोलापूर हायवे गाठला. तिथून जवळच कपिलधारचा फाटा. हायवेचा गोंगाट एकदम मागे राहतो आणि गाडी हिरव्या डोंगरांत शिरते. वाटेत सीताफळीची झुडपं. बीडच्या सीताफळाला जीआय मानांकन आहे बरं का, पण फळं खायची तर दसरा-दिवाळीच्या सुमाराला या. धबधबा बघायचा तर पावसाळ्यातच. दोन्ही एकदम नाही!

देवळाजवळच कड्यावरून पाणी कोसळत होतं. तुषार अंगावर घ्यायला कॉलेजच्या पोरांची झुंबड, आणि इकडे समाधीपाशी कपाळाला विभूती लावून शांत बसलेली म्हातारी माणसं. कुणीतरी अप्पांना ‘‘शरणार्थ’’ म्हणालं, अप्पांनी हात जोडून ‘‘शरणार्थ’’ म्हटलं, आणि दोघं जुनी ओळख असल्यासारखे दिंडीच्या गप्पा मारत बसले. मुक्काम कुठे पडायचे, भाकरी कोण द्यायचं... मी आणि आई लांबूनच बघत होतो. घाई नव्हती. घड्याळ बघत उभा राहणारा कुणी नव्हता. हजार रुपयांचा हिशोब तिथेच विसरलो.

परतताना दुसऱ्या दिवशी बीडजवळची खजाना विहीरही पाहिली. सोळाव्या शतकातली, निजामशाहीतली ही विहीर. तिचं पाणी कालव्यांतून शेतांपर्यंत जातं. वाट थोडी वाकडी करा, पण चुकवू नका.

युरोपसाठी काय शिकलो?

पहिलं, गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. एसटी सुटण्याआधी मारावी तशी अप्पांनी गाडीभोवती फेरी मारली होती, मी मागून शूटिंग करत. परत देताना बंपरवरचा ओरखडा आमच्या नावावर लागणार होता. व्हिडिओ दाखवला, डिपॉझिट पूर्ण परत!

दुसरं, विम्यातला तुमच्या खिशातून जाणारा हिस्सा किती ते आधी विचारा. युरोपात त्याला ‘एक्सेस’ म्हणतात आणि गाडी स्वस्त दिसते ती बऱ्याचदा तो भरमसाट असल्यामुळे.

तिसरं, भरल्या टाकीने घ्या, भरल्या टाकीनेच परत द्या. गिअरवाली छोटी गाडी तिकडे ऑटोमॅटिकपेक्षा सहसा स्वस्त. एअरपोर्टवर घेतली किंवा दुसऱ्या शहरात सोडली की जादा आकार लागतो. डिपॉझिटसाठी बहुतेक कंपन्या गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. स्वित्झर्लंडच्या हायवेवर ४० फ्रँकचा वार्षिक परवाना लागतो. तो गाडीवर आधीच आहे का, ते बघा.

चौथं, इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. आपल्या आरटीओतच मिळतं, पण मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. तेव्हा फार आधी काढू नका.

घरी आल्यावर अप्पांनी डायरी काढली. ७७०० भागिले तीन, २५६६. मग पाकिटातून मोजून १२८३ रुपये माझ्या हातावर ठेवले, वरच्या सुट्ट्या नाण्यांसकट.

‘‘अप्पा, हे काय? आणि अर्धेच?’’

‘‘ज्येष्ठ नागरिक. अर्धं तिकीट,’’ ते म्हणाले. ‘‘कार्तिकात परत जाऊ. आणि पंच्याहत्तरी झाली की फुकट येणार, सांगून ठेवतो!’’