अम्मांची कूडै

चेन्नईत ट्रिप्लिकेनला आम्ही चार वर्षं राहिलो. यांची नोकरी रेल्वेत, बदली होईल तिकडे जायचं. तमिळ माणसं या भागाला तिरुवल्लिकेणी म्हणतात. एकीकडे पार्थसारथीचं देऊळ, दुसरीकडे १७९५ मध्ये बांधलेली वालाजाह मशीद. शेजारच्या अम्मा तमिळ हिंदू, पण जन्म तिथलाच, त्यामुळे मोडकीतोडकी दखनी त्यांना येई. माझी दखनी सोलापूरची. दोघींच्या बोलण्यात फरक पुष्कळ, पण ‘नक्को’ हा शब्द दोघींचाही होता आणि निम्मा संसार तर त्या एका शब्दावरच चालतो.

२०१७ च्या ऑक्टोबरात, तिकडचा पाऊस सुरू व्हायच्या बेताला, अम्मांची थोरली पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. त्याआधी सासरी तिचं वळैकाप्पु झालं होतं. आपल्याकडे सतवासा करतात, तसंच म्हणा. सुवासिनी गालांना चंदन लावतात, दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या भरतात. पोटातल्या जिवाला त्यांची किणकिण ऐकू जाते म्हणतात. लिंबाचा भात, चिंचेचा भात, दहीभात असे भाताचेच पाच-सात प्रकार असतात. अम्मांनी ते सगळे रांधले. पण लेकीच्या हातात एकही बांगडी भरली नाही. त्यांचे मालक दोन वर्षांपूर्वी वारले होते. बाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिली.

हे वाचून कुणी ‘त्यांच्यात असं असतं’ म्हणू नये. विधवेला अशुभ मानायला इस्लाममध्ये जागा नाही, हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. माझ्या सतवाशाला गोद भरायची वेळ आली तेव्हा माझ्या बेवा खालाला कुणीतरी हळूच बाजूला घेतलं आणि बिर्याणीच्या डेगीकडे बसवलं. मजहबमध्ये नाही ते रिवाजात असतं, आणि रिवाजाला जाब विचारायची आपली सवय कमी.

दवाखान्याची पिशवी भरायला मात्र सुवासिनी लागत नाही. ते काम अम्मांकडे आलं आणि त्यांनी ते एखादं मोठं कार्य असावं तसं केलं. राहुकाळ टाळून बसल्या. पिशवी म्हणजे प्लॅस्टिकच्या वायरीची विणलेली कूडै, शिवाय लग्नात मिळालेली एक पिवळी कापडी पिशवी. पिवळीत स्कॅनचे रिपोर्ट आणि आधार कार्ड. कूडैत थर्मास, पेला, खोबरेल, कंगवा, पुढून बटणं असलेले दोन गाऊन आणि बाळंतिणीचं पोट बांधायला जुनी सुती साडी. एक वेखंडाचा तुकडाही होता. तमिळमध्ये त्याला ‘नाव न घ्यायचं औषध’ असंच नाव आहे. मी विचारलं, मराठीत नाव घेतलं तर चालेल का? अम्मा म्हणाल्या, ‘घे, उसकू मराठी नहीं आती.’

बाळासाठी विकत आणलेलं काही नव्हतं. त्यांच्या घरी बारसं होईपर्यंत लेकराला नवं कापड लावत नाहीत. हवं ते जुनं, शंभरदा धुऊन साय झालेलं सूत. त्यासाठी घरातल्या पुरुषाची वेष्टी, म्हणजे आपलं धोतर, फाडतात. जावयाने त्याची एक पाठवली होती. अम्मांनी ती फाडली, घड्या केल्या. मग कपाटातून दुसरी काढली. बारीक हिरव्या काठाची. मालकांचे सगळे कपडे वाटून टाकले होते, ही एकच ठेवली होती. त्यांची नणंद, म्हणजे मुलीची अत्तै, तिथेच बसलेली. ती म्हणाली, गेलेल्या माणसाचं वस्त्र जन्मणाऱ्या लेकराला लावतात का? अम्मांनी उत्तर दिलं नाही. वेष्टी उकळत्या पाण्यातून काढली, गच्चीवर वाळवली आणि दुसऱ्या दिवशी तिचे चौकोन तळाशी गेले.

दवाखाना जवळच, कस्तुरबा गांधी रुग्णालय. पण रिक्षावाल्याला ‘गोशा आस्पत्तिरी’ म्हटलं की लगेच कळतं. परपुरुषापुढे न येणाऱ्या पडदानशीन मुसलमान आणि उच्चवर्णीय हिंदू बायकांसाठी मेरी शार्लीब या डॉक्टरबाईंनी तो १८८५ मध्ये सुरू केला. गोशा म्हणजे पडदा. पडद्यापायी किती बायका घरातच गेल्या असतील. निदान इथे त्या पडद्यासकट आत येऊ शकल्या. आज तिथे सगळ्या जातीधर्माच्या बायका शेजारीशेजारी कण्हत असतात.

रात्री दोनच्या सुमाराला सिस्टरने दार उघडून कापड मागितलं. कूडै अत्तैच्या मांडीवर होती. अम्मांनी वाकून थेट तळाशी हात घातला. हिरवा काठ मीही पाहिला, अत्तैनेही पाहिला. भावाचं धोतर बहीण ओळखणार नाही का? तिने कूडैची कड घट्ट धरली होती. मग पकड सैल झाली. मुलगी झाली. त्या कापडात गुंडाळून आणली तेव्हा अत्तैनेच पहिल्यांदा घेतली, काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, ‘मऊ आहे.’ अम्मा भिंतीला टेकून उभ्या होत्या. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, थर्मासमध्ये कॉफी आहे, पिऊन घे.

सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बायकांना तमिळनाडू सरकारने २०१५ पासून १६ वस्तूंचा संच द्यायला सुरुवात केली होती. तोही मिळाला. टॉवेल, बाळाचा अंगरखा, मच्छरदाणी, खुळखुळा आणि बाळंतिणीसाठी सुंठीचं लेह्य. सरकारला सुंठ आठवली याचं मला अप्रूप वाटलं. अम्मांनी बोटभर चाखलं, ‘तिखट कमी आहे’ म्हणाल्या आणि घरी सुंठ, मिरी, पिंपळी, गूळ, तिळाचं तेल घालून आपलं वेगळं लेह्य घोटलं. त्यातलं वाटीभर मला पाठवलं. मी कुठे बाळंतीण, असं म्हटलं तर दारातूनच म्हणाल्या, ‘कमर तो तेरी बी दुखती ना!’