फक्त टोकं हं!

जगातलं सगळ्यात मोठं खोटं कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी एका सेकंदात सांगेन. पार्लरमधलं 'एकच इंच कापते, मॅडम!'

गळ्याभोवती काळा एप्रन, समोर आरसा. ती चिमटीत टोकं धरून विचारते, "एवढे?" आपण मान हलवतो. आणि उठताना खाली बघावं तर फरशीवर निदान तीन इंच पडलेले. वर ती म्हणते, "आता बघा कसे भराभर वाढतील!"

म्हणून गेली दोन वर्षं मी केसांना कात्री लावू दिली नव्हती. केस लांब करायचेत ना, मग कापायचे कशाला? साधा हिशेब. पण केस हा असा विषय आहे, की ज्यात प्रत्येकाचा आपापला फंडा असतो. आईचं म्हणणं, "अगं, टोकं काप, त्याशिवाय वाढायचे नाहीत. फक्त शनिवारी नको, अमावास्येला नको आणि दिवेलागणीला तर मुळीच नको." निफाडच्या मावशीचं म्हणणं, "आमच्या द्राक्षांचं बघ. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. छाटल्याशिवाय वेल फुटतो का?" पार्लरवालीचं म्हणणं, दर सहा आठवड्यांनी ट्रिमिंग हवंच. आणि ऑफिसमध्ये माझ्या शेजारी बसणारा, सगळ्या विषयांत तज्ज्ञ असलेला प्राणी म्हणाला, "केस मेलेले असतात. खाली कापलं ते वर कसं कळणार?"

गंमत म्हणजे शास्त्राच्या बाबतीत तोच बरोबर निघाला. (त्याला सांगू नका, आधीच हवेत असतो.)

द्राक्षाचा वेल शेंड्याकडून वाढतो, शेंडा छाटला की खालचे डोळे फुटतात. केसाला डोळे नसतात. तो वाढतो मुळाशी, डोक्याच्या कातडीखाली. बाहेर दिसतं ते निर्जीव केराटिन, नखासारखं. टोक कापल्याचा निरोप मुळापर्यंत पोचवणारी कुठलीही लाइन नाही. केसाचा वेग ठरलेला असतो, महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर. एक केस दोन ते सहा-सात वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. तो किती वर्षं वाढणार हे कात्री नाही, मूळ ठरवतं. म्हणून काहींचे केस कंबरेखाली जातात आणि काहींचे खांद्यापुढे हलत नाहीत.

अमेरिकेतल्या मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनातज्ज्ञ बाईंनी तर 1928 सालीच चार पुरुषांची दाढी करकरून मोजमाप घेतलं होतं. वस्तऱ्याने केसांची वाढ बदलत नाही, हा निष्कर्ष. तरी आपल्याकडे जावळ काढल्यावर 'आता दाट येतील' म्हणतातच. येतात, पण ते बाळ मोठं होतं म्हणून! शिवाय केसाचं मूळचं टोक निमुळतं असतं. ते आडवं कापलं की जाड दिसतं, आणि आपल्याला वाटतं, वा, दाट झाले.

आता पार्लरचा हिशेब करू. सहा आठवड्यांत केस वाढणार दीड ते पावणेदोन सेंटिमीटर. पार्लरवाली 'एक इंच' कापणार, म्हणजे अडीच सेंटिमीटर. या वेगाने केस लांब नाही, दरवेळी आखूडच होणार. बोला!

म्हणजे मी जिंकले, नाही का? मलाही तसंच वाटलं. मग मी आईच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप काढली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी ऑफिसमध्ये कुणाला सांगितली नव्हती. मी केस कापत नव्हते ते लांब हवेत म्हणून नव्हे.

आईची नोकरी हॉस्पिटलमधली. सकाळची ड्यूटी असली की ती साडेसहाला घराबाहेर. त्यामुळे शाळेतल्या माझ्या दोन वेण्या बाबा घालायचे. भांग हमखास तिरका, पण वेणी इतकी घट्ट, की संध्याकाळपर्यंत एक केस हलायचा नाही. लाल रिबिनीचं फूल मात्र त्यांना कधीच जमलं नाही, सरळ गाठ मारायचे. पुढे मी कॉलेजात गेले, नोकरीला लागले, केस आखूड झाले, वेण्या संपल्या. पण रविवारी टीव्ही लावला की बाबा खोबरेल तेलाची बाटली घेऊन बसायचे आणि मी खाली चटईवर.

दोन वर्षांपूर्वी, जूनमध्ये, बाबा अचानक गेले. आदल्या रविवारी त्यांनी तेल लावून दिलं होतं.

नंतर कधीतरी वाचताना लक्षात आलं, केस म्हणजे तारखेसकट लिहिलेली डायरीच. मुळाशी आजचा आणि टोकाशी जुना. म्हणजे खालची टोकं त्या रविवारची. बाबांचा हात लागलेली. आता सांगा, कात्री कशी लावू?

तर टेप. बाबा गेले तेव्हा केस खांद्यापर्यंत होते, साधारण 30 सेंटिमीटर. दोन वर्षांत आणखी 30 वाढायला हवे होते, म्हणजे एकूण 60. टेप म्हणाली 46. पुन्हा मोजलं. 46.

मग 14 सेंटिमीटर गेले कुठे? कात्री तर लागलीच नव्हती.

ते तुटले होते. रोज सकाळी साडेआठची बस पकडायची म्हणून ओल्या केसांत कंगवा, वर स्ट्रेटनर. ओला केस जास्त ताणला जातो, पटकन तुटतो. केसावर कौलांसारखी बारीक आवरणं असतात. उष्णतेने आणि घासून ती झिजली की टोक सुतळीसारखं उसवतं. यालाच आपण फाटे फुटणं म्हणतो. सीरम ते तात्पुरतं चिकटवतं, पुन्हा जोडत कुणीच नाही. आणि कापलं नाही की उसवण वर चढते आणि केस आणखी वरून तुटतो. चार महिन्यांतून एकदा फक्त एक सेंटिमीटर कापला असता तर दोन वर्षांत सहा गेले असते. तुटणं सगळंच थांबलं नसतं, पण 14 तरी गेले नसते.

म्हणजे आईसुद्धा बरोबरच होती. कापल्याने केस वाढत नाहीत, पण वाढलेले टिकतात.

मला हिशेबाचं नाही, दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटलं. जे जपायला मी कात्री अडवली होती, ते रोज थोडं थोडं कंगव्यात, बेसिनमध्ये, ऑफिसच्या खुर्चीवर पडत होतं. आणि मला पत्ताही नव्हता.

त्या रविवारी आईला म्हटलं, "तू कापशील?" ती खूश. बाल्कनीत पेपर पसरला, स्टूल ठेवलं, कात्री पुसली. "किती?" मी म्हटलं, "एक इंच. खरा एक इंच." आणि मग का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. टोकांचं, त्या रविवारचं.

कात्री बराच वेळ वाजली नाही. मग आई म्हणाली, "इतके दिवस मी काप काप म्हणून मागे लागले होते. सांगायचं नाहीस होय?" आणि टेप लावून, खूण करून, बरोबर अडीच सेंटिमीटर कापले.

हिशेबाने अजून तेरा-साडेतेरा सेंटिमीटर बाबांच्या वेळचे आहेत. स्ट्रेटनर कपाटावर गेलाय. केस वाळल्यावरच विंचरते. रविवारी आई धुण्याआधी खोबरेल तेल लावून देते. तेही नुसतं आजीबाईच्या बटव्यातलं नाही बरं. खोबरेल तेल केसातल्या प्रथिनाची झीज कमी करतं, हे मुंबईत मॅरिकोच्या संशोधकांनी 2003 साली प्रयोग करून मांडलंय. त्यांचा धंदा तेलाचाच, हे लक्षात ठेवून वाचा. माझे केस मात्र कमी तुटतायत.

पुढची कात्री चार महिन्यांनी, एक सेंटिमीटर. हळूहळू ते साडेतेराही जातील. पण आता मला दिसतील तरी.

परवा ऑफिसमध्ये मैत्रिणीने विचारलं, "कुठल्या पार्लरमध्ये गेलीस गं? मागून थोडे तिरके झालेत." मी म्हटलं, "असू दे. आमच्या घरी भांगसुद्धा तिरकाच असतो."