पहिला तास कुणाचा?

शाळेचं वेळापत्रक करायचं काम कुणी मागून घेत नाही. ते बहुधा गणिताच्या शिक्षकाकडे येतं आणि एकदा आलं की निवृत्तीपर्यंत राहतं. माझ्याकडेही ते असंच आलं. पण मला त्याची गोडी लागली. पालीतल्या नोकरीत मन लावून काय केलंत, असं कुणी विचारलं तर वर्गात शिकवण्याच्या जोडीने मी वेळापत्रकाचंच नाव घेईन.

बाहेरून हे काम नुसतं चौकोन भरण्याचं वाटतं. सोमवार ते शुक्रवार रोज आठ तास आणि शनिवारी सकाळच्या शाळेत पाच, म्हणजे एका तुकडीचे आठवड्याला ४५ चौकोन. तुकड्या दहा असल्या तर ४५०. प्रत्येक चौकोनात एक विषय, एक शिक्षक, आणि तो शिक्षक त्याच वेळी दुसऱ्या चौकोनात नको. हल्ली संगणक हे क्षणात करून देतो. मी मात्र शेवटपर्यंत मोठा कागद, पट्टी आणि शिसपेन्सिल घेऊनच बसले, कारण संगणकाला शिक्षक कळतात, विषय कळतात. राबगावहून येणारं मूल कळत नाही.

भरताना क्रम महत्त्वाचा. जे हलवता येत नाही ते आधी. प्रयोगशाळा एकच, म्हणून नववी-दहावीच्या प्रात्यक्षिकांचे जोडतास पहिले. मग हिंदी-संस्कृत संयुक्त घेणारी मुलं: दोन तुकड्यांतली मुलं उठून एकत्र बसतात, तेव्हा दोन्ही तुकड्यांना तो तास एकाच वेळी हवा. मग साऱ्या शाळेला मिळून असलेले एकच चित्रकलेचे सर आणि एकच मैदान. त्यानंतर इंग्रजी, गणित, विज्ञान, आणि उरलेल्या जागेत बाकीचे. कुणाही शिक्षकाला सलग चार तास द्यायचे नाहीत, हा माझा नियम. चौथ्या तासाला माणूस शिकवत नाही, नुसता बोलतो.

सगळ्यांनाच मधल्या सुटीच्या आधीचे तास हवे असतात. गणिताला हवेत, कारण डोकं ताजं पाहिजे. विज्ञानाला हवेत, इंग्रजीला तर हवेतच. मराठीच्या बाई म्हणायच्या, कविता काय पेंगुळलेल्या मुलांना शिकवायची? बरोबरच होतं त्यांचं. या ओढाताणीत दरवर्षी हरायचे ते इतिहास-भूगोलाचे शिक्षक. दहावीला बीजगणित आणि भूमितीचे मिळून १०० गुण, विज्ञानाच्या दोन भागांचे १००, आणि इतिहास, राज्यशास्त्र व भूगोल या सगळ्यांचे मिळून १००. गुणांच्या मापाने पाहिलं तर समाजशास्त्रं तसूभरही कमी नाहीत. तरी दुपारचा शेवटचा तास त्यांच्याच वाट्याला, अशी रीतच पडून गेलेली.

पालीत तर हे मला फार खटकायचं. आमच्या वर्गाच्या खिडकीतून सरसगड दिसतो. ज्या काळ्या खडकात त्याच्या उंच पायऱ्या कोरल्या आहेत तो बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थोडं पलीकडे सुधागड. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर याच गडाच्या परिसरात आश्रयाला राहिला आणि १६८१ साली संभाजी महाराजांनी पाच्छापूरला त्याची भेट घेतली. त्या पाच्छापुराकडची मुलं माझ्या वर्गात बाकावर बसलेली असायची. हा सुधागड तालुका १९४८ पर्यंत भोर संस्थानात होता, हे मुलांच्या आजोबांना आठवणीतून माहीत होतं. इतका इतिहास आणि इतका भूगोल दाराशी असताना तो शेवटच्या तासाला, दप्तर भरून गाडीची वाट बघणाऱ्या मुलांना शिकवायचा? मी दोन्ही विषयांना आठवड्यातून प्रत्येकी एक तरी सकाळचा तास द्यायला लागले. त्यासाठी गणिताचे तास काढले ते माझेच, म्हणून कुणाला बोलायला जागा राहिली नाही.

पण खरी गोम पहिल्या तासात आहे.

पहिला तास वर्गशिक्षकाचा, कारण हजेरी त्याने घ्यायची. ही पद्धत इतकी अंगवळणी पडलेली की तिच्यावर कुणी विचार करत नाही. वर्गशिक्षक गणिताचा असेल तर त्या तुकडीला रोज पहिला तास गणिताचा. आता पालीची शाळा म्हणजे निम्मी एसटीवर चालणारी शाळा. वाकण-पाली-खोपोली हा एक मुख्य रस्ता, आणि त्याला परळी, जांभूळपाडा, नाडसूर अशा बाजूंनी येऊन मिळणारे फाटे. एकाच गाडीत हायस्कूलची मुलं, पालीवाला महाविद्यालयाची मुलं, बाजाराला निघालेल्या बायका आणि दवाखान्यात चाललेले म्हातारे. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना पास फुकट मिळतो, ही फार मोठी गोष्ट आहे. कितीतरी मुली त्या पासामुळेच दहावीपर्यंत पोचल्या. पण गाडीच उशिरा आली तर पास काय करणार?

एका नोव्हेंबरात हजेरीपट चाळताना माझ्या लक्षात आलं की एका तुकडीत 'उशिरा' असा शेरा त्याच सात-आठ नावांपुढे पडतोय. सगळी एकाच गाडीची मुलं. आणि सहामाहीत गणितात मागे पडलेली बहुतेक नावं तीच. ती मुलं कच्ची नव्हती. विज्ञानात, मराठीत ती चांगली होती. त्यांना वर्षभर गणिताचा पहिला अर्धा तासच मिळत नव्हता. वर्गात शिरायची ती फळ्यावर अर्धं गणित सुटलेलं असताना. वेळापत्रक करणाऱ्याच्या एका चौकोनाने त्यांचं गणित ठरवलं होतं.

पुढच्या जूनपासून मी हजेरी पहिल्या तासातून बाहेर काढली. प्रार्थना, परिपाठ आणि लगेच दहा मिनिटं वर्गशिक्षकाची. त्या दहा मिनिटांत हजेरी, निरोप, फी, दाखले, सगळं. आणि पहिला तास रोज वेगळ्या विषयाचा: सोमवारी मराठी, मंगळवारी भूगोल, असा. गाडी उशिरा यायची ती आलीच. पण नुकसान एका विषयावर साचायचं थांबलं. काही सहकाऱ्यांना ते आवडलं नाही, त्यांची वर्षानुवर्षांची घडी मोडली. मुख्याध्यापक मात्र माझ्या पाठीशी उभे राहिले.

तेव्हापासून वेळापत्रकाला बसण्याआधी मी एसटी स्टँडवर जाऊन गाड्यांच्या वेळा उतरवून आणायला लागले. पावसाळ्याचा हिशेब वेगळा. रायगडात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि अंबा नदी चढली की पुलावरून पाणी जाऊन रस्ता बंद पडतो. २४ जुलै १९८९ च्या पुरात जांभूळपाड्याचं काय झालं ते ज्यांनी पाहिलं, ते पालक पावसाचा रंग बघून मूल घरीच ठेवतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टात दहावीचे नवे धडे मी जोडतासांत घालायचे नाही. त्या दोन महिन्यांत मैदानही नसतं. खेळाच्या तासाला मुलांना वर्गात गप्प बसवण्यापेक्षा आम्ही बुद्धिबळ, कॅरम आणि प्रथमोपचाराचे धडे घेतले.

भुकेचाही तास असतो. पोषण आहार आठवीपर्यंत; सहावी ते आठवीच्या मुलाला दीडशे ग्रॅम तांदळाचं जेवण शाळेत मिळतं. तेच मूल जूनमध्ये नववीत गेलं की ताट बंद. घर तेच, वाडी तीच, चालत यायची वाट तीच. कातकरी वाडीवरून येणारी एक मुलगी आठवीत माझ्या वर्गात हुशार म्हणून ओळखली जायची. नववीत ती दुपारच्या तासांना खाली मान घालून बसू लागली. मी विचारलं, "डबा आणलास का गं?" ती म्हणाली, "बाई, आई पहाटेच कामाला जाते." त्या दिवसापासून नववीचं गणित मी मधल्या सुटीनंतर कधी ठेवलं नाही. वेळापत्रकाने पोट भरत नाही, हे मला कळतं. पण ज्या वेळी त्या पोरीच्या अंगात जीव असतो, ती वेळ तरी तिच्या अवघड विषयाला देता येते. आणि दिवाळीनंतर जी कुटुंबं वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात त्यांची मुलं परतली की त्यांच्यासाठी शनिवारचा शेवटचा तास उजळणीचा म्हणून राखून ठेवला. तो कमीच पडायचा. त्यावर खरा उपाय शाळेच्या हातात नाही, पण म्हणून तो तास सोडून द्यावा असं मला कधी वाटलं नाही.

वेळापत्रक मोडायची सोयही वेळापत्रकातच लागते. वर्षातून एकदा विज्ञान मंडळ आणि भूगोल दालन मिळून आठवीच्या मुलांना उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर न्यायचं. विज्ञानाच्या बाई तापमापी घेऊन, भूगोलाचे सर नकाशा घेऊन. कुंडाचं पाणी आणि जवळच्या ओढ्याचं पाणी यांचं तापमान मुलं स्वतः मोजायची, वहीत तक्ता करायची, आणि मग पाणी तापतं कशाने यावर वाद घालायची. परत आल्यावर मराठीच्या बाई त्याच सहलीवर निबंध लिहून घ्यायच्या आणि मी त्या आकड्यांचा आलेख. चार विषय एका झऱ्यावर एकत्र आलेले मी तिथेच पाहिले. यासाठी चार शिक्षकांचे तास एकाच दिवशी सलग यावे लागतात. ते जूनमध्येच बसवून ठेवावं लागतं, आयत्या वेळी जमत नाही.

माघी चतुर्थीला पालीत यात्रा भरते. हार-दुर्वा, पेढे, नारळ, खेळणी यांची दुकानं, आणि कितीतरी मुलांच्या घरचा वर्षाचा हंगाम त्या दिवसांत. मुलं दुकानात बसतात, पाहुण्यांना जेवण वाढतात. त्याच सुमारास दहावीच्या पूर्वपरीक्षा आणि प्रात्यक्षिकं. म्हणून पंचांग हाताशी ठेवून तारखा लावायच्या. यात्रेत राबलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर देणं हा अन्याय आहे, मग शाळेचं नियोजन कितीही काटेकोर असो.

आणि याच दिवसांत ज्या गोष्टीसाठी मी सगळ्यांत जास्त भांडले ती घडते: चित्रकलेचे आणि खेळाचे तास काढून घेतले जातात. दहावीचा अभ्यासक्रम उरलाय, सराव पेपर राहिलेत, असं म्हणत एकेक विषय त्या तासांवर बसतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएट उत्तीर्ण मुलांना दहावीत वाढीव गुण मिळतात तेवढ्यापुरतं चित्रकलेला महत्त्व येतं, एरवी तो रिकामा तास समजला जातो. पण गणितात कधीच पुढे न आलेला मुलगा रंग हातात घेऊन ताठ बसलेला मी पाहिलाय. आठवड्यातला तो एक तास त्याचा होता. तोच घेतला तर शाळेत यायचं त्याला कारण काय उरलं?

आता माझ्या जागी दुसरं कुणी बसतं. जूनमध्ये वेळापत्रक लावणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला माझी विनंती आहे: कागद भिंतीवर डकवण्याआधी एकदा स्टँडवर जा, तुमच्या शाळेची शेवटची गाडी किती वाजता येते ते बघा, आणि त्या गाडीतल्या मुलांचा पहिला तास कोणता हे तपासा. आणि फेब्रुवारीत कुणीही कितीही मागितला तरी चित्रकलेचा तास देऊ नका.