तणावा

देवगाव रंगारीहून समुद्र फार लांब. आमच्या कन्नड तालुक्यातल्या शिवना नदीला उन्हाळ्यात धड पाणी नसते, तिथे शिडाची होडी कोण पाहणार? म्हणून मुंबईला नोकरीला लागलेला पुतण्या सुट्टीच्या दिवशी बंदरात होडी शिकू लागला, तेव्हा घरात सर्वांनाच काळजी वाटली. भाभी तर म्हणाल्या, "पाण्यात ती काठी मोडली तर माझ्या लेकराने कुणाला हाक मारायची?"

प्रश्न खोटा नव्हता. 2009-10 मध्ये दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून सुखरूप परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. 2018 मध्ये मात्र अभिलाष टॉमी यांच्या 'थुरिया'ची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात मोडली. पाठीला जबर दुखापत झालेले टॉमी सुटका होईपर्यंत तीन दिवस होडीतच पडून होते.

काळजीपोटीच आम्ही मुंबईला गेलो आणि ती काठी कशी उभी राहते ते पाहून घेतले. होडी 'एंटरप्राइज' जातीची, दोघांनी चालवायची, जेमतेम सव्वातेरा फूट लांब. आम्हाला वाटले होते, काठी जाड असेल, खोल रोवलेली असेल. तसे काही नाही. ती नुसती खाचेत टेकलेली असते. तिला उभे ठेवतात त्या तारा. पुढे एक, बाजूंना दोन. बाजूच्या तारा काठीच्या जरा मागे बांधतात. पुढचे छोटे शीड चढवून त्याच्या कडेतली तार खेचली की काठी पुढे ओढली जाते, बाजूच्या तारा तिला मागे धरतात आणि सगळे ताठ होते.

मग मापे. शीड चढवायच्या दोरीला टेप बांधून शेंड्यापर्यंत नेतात आणि तिथून होडीच्या दोन्ही कडांचे अंतर मोजतात. ते सारखे भरले पाहिजे. नाही तर डावीकडच्या वाऱ्यात होडी एक चालते आणि उजवीकडच्या वाऱ्यात दुसरीच. काठी किंचित मागे कललेली ठेवतात. फार कलली तर होडीचे तोंड सारखे वाऱ्याकडे वळते आणि सुकाणू धरून हात भरून येतो. शेवटी प्रत्येक पिन हाताने चाचपायची. एवढीशी पिन निसटली तरी काठी आडवी होते.

हे पाहताना आम्हाला अब्बांची आठवण झाली. अब्बा लग्नाचे, उरुसाचे शामियाने ठोकत. बांबू कितीही जाड असो, ते आधी खुंट्या पाहत, मग दोऱ्या. एक बाजू आवळली की लगेच समोरची. त्या दोरीला मराठीत तणावा म्हणतात, उर्दूत तनाब. गावात काहींना त्यांचे काम हलके वाटे. पण जुन्या काळी छावणीत तंबू ठोकणाऱ्याला खलाशी म्हणत, आणि जहाजावर दोर ओढणाऱ्यालाही खलाशीच. ज्या विद्येला आम्ही परकी समजत होतो, ती आमच्याच घरातली निघाली.

भाभींना आम्ही हेच सांगितले. धोका नाही, असे म्हटले नाही. अंगात तरंगते जाकीट असते, जवळ मदतीची बोट असते, हेही सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पिना कोण पाहतो?"

"तोच पाहतो."

"मग त्याला म्हणावं, अब्बा पाहायचे तसं दोनदा पाहत जा."