दोन दिवस शहरात : बुद्धलेणी, गोधडी आणि पायपीट

मुलांची लग्ने उरकल्यापासून आम्ही उभयतांनी एक नेम धरला आहे. वर्षातून दोनदा जालन्याहून सकाळची गाडी धरायची आणि दोन दिवस औरंगाबादेत काढायचे. २०२३ पासून शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे; तोंडात मात्र अजून जुनेच येते. नातेवाईक विचारतात, "काम काय काढलं?" नुसते फिरायला चाललो म्हटले की त्यांना पटत नाही. जन्मभर कामाशिवाय किंवा मयतीशिवाय गावाबाहेर पाऊल न टाकलेल्या माणसांना पटायचे तरी कसे!

पहिला थांबा नागसेनवन. १९५० साली बाबासाहेबांनी इथे महाविद्यालय काढले, म्हणून आमच्यासारख्यांच्या घरात पुस्तक आले. पुढे विद्यापीठाचे प्रवेशद्वार. १४ जानेवारी १९९४ बद्दल या वाचकांना आम्ही वेगळे काय सांगावे? दोन मिनिटे उभे राहतो आणि लेण्यांची वाट धरतो.

अजिंठा-वेरूळला जगातून माणसे येतात. ही लेणी शहराला इतकी लागून असूनही तिथे गर्दी कमीच. आपले लोक त्यांना बुद्धलेणी म्हणतात. बहुतेक काम सहाव्या-सातव्या शतकातले आहे. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेली स्त्री-पुरुष मंडळी आहेत, जवळजवळ माणसाएवढीच. त्यांचे केस, दागिने पाहावेत. राजेलोकांपेक्षा तीच आम्हाला आपली वाटतात; वंदनेला आपणही असेच बसतो. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना आग, तलवार, बेडी, बुडते जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू या आठ भयांत सापडलेली माणसे कोरली आहेत. आत गाभाऱ्यात एक नर्तकी आणि तिच्याभोवती वाजवणाऱ्या सहा बाया. ते शिल्प बघता बघता पाय दुखायचे थांबतात.

लेण्याच्या ओट्यावर बसून भाकरी सोडली. खाली मकबरा दिसतो. गोष्ट चिवराची निघाली. मगधातली बांध घातलेली चौकोनी भातखाचरे दाखवून बुद्धांनी आनंदाला तशाच जोडणीचे चिवर करता येईल का, असे विचारले आणि आनंदाने ते करून दाखवले, असे विनयात आहे. म्हणजे तुकडे जोडून अंग झाकणे ही कमीपणाची बाब नव्हे! हे आम्हाला फार उशिरा कळले. ते का, ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी शहरात बचत गटांचे प्रदर्शन होते. पापड-लोणच्यांच्या गर्दीत एका गाळ्यात दोरीवर गोधड्या टांगलेल्या. पुढे गेलो तो हात आपोआप टाक्यांवर फिरला. धावदोरा, कडेपासून सुरू होऊन फिरत फिरत आत येणारा. अगदी आईसारखा. आई म्हणजे एकाची आई, दुसरीची सासू. तिच्या वाकळेला वरून हिरवे लुगडे, आत धोतर आणि पोरांच्या खाकी चड्ड्या. घरात फुलाफुलांचे नवे ब्लँकेट आले आणि आम्हाला त्या वाकळेची लाज वाटू लागली. एके दुपारी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दारात आली. एका स्टीलच्या पातेल्यावर वाकळ गेली. रात्री आई अंथरुणावर चाचपून म्हणाली, "माझी वाकळ कुठाय?" आम्ही सांगितले, "धुवायला टाकली." ती पुन्हा विचारली नाही. आता ती हयात नाही.

मागे मुलीने मोबाईलवर अमेरिकेतल्या गोधड्या दाखवल्या होत्या. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे, गुलामांच्या वंशजांची. तिथल्या काळ्या बायका कामाचे विटलेले सदरे, विजारी जोडून गोधड्या शिवत. १९६२ मध्ये, मतदार म्हणून नोंद करायला लोक निघू लागले तेव्हा नदीवरची फेरीबोटच बंद करण्यात आली. ती २००६ साली पुन्हा सुरू झाली. त्याच बायांच्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. थंडीसाठी शिवलेले कापड, ते कला म्हणून टांगले गेले. आपल्याकडे मात्र ते पातेल्यावर जाते.

गाळ्यावर एक गिऱ्हाईक घासाघीस करत होते : "जुन्या चिंध्याच तर आहेत." बाई शांतपणे म्हणाली, "चिंध्या घरी घेऊन या, शिवून दाखवा." आम्ही हसलो, पण आतून चरकलो. त्या म्हणण्याची किंमत आम्हालाही भरायची होती.

नातवासाठी एक लहान गोधडी घेतली. सांगितला तोच भाव दिला. बाईने विचारले, "तुमच्याकडे कुणी शिवत नाही का?" खरे ते सांगितले. ती म्हणाली, आईचे काही उरले असेल तर घेऊन या, कडा धरून देते.

पेटीत आईची दोन लुगडी आहेत, एक फाटके. पुढच्या खेपेला भाकरीच्या पिशवीबरोबर तीही घ्यायची आहेत.