तरुण मुलीचा रक्तदाब का वाढतो?

कारणाशिवाय दुःख निर्माण होत नाही, ही तथागतांची शिकवण आपण दर रविवारी विहारात ऐकतो. पण घरात आजार शिरला की ती विसरतो. तरुण मुलीचा रक्तदाब वाढला तर 'टेन्शन घेते' म्हणतो आणि गोळी सुरू करून मोकळे होतो.

आमच्या नाहूरच्या घरी हेच चालले होते. पुतणी २४ वर्षांची. डोके सतत दुखायचे, रक्तदाब १८०च्या वर, तीन गोळ्यांनीही उतरेना. गंडा-दोरा धम्मदीक्षेबरोबरच आमच्या घरातून गेला. पण 'लग्न जमायचे आहे, बाहेर बोलू नका' असे बजावणारे नातलग आहेतच! शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांचा रक्तदाब मोजला. दोन्हींत मोठा फरक, डावी नाडी मंद. त्यांनी आधी किडनीची डॉपलर सोनोग्राफी आणि मग रक्तवाहिन्यांचा एमआरआय सांगितला.

डोकेदुखीसाठी किडनी कशाला तपासायची, असे घरात सर्वांनाच वाटले. त्याचे उत्तर सोपे आहे. चाळीतल्या एका खोलीचा नळ गंजून अरुंद झाला, तर त्या खोलीला वाटते की टाकीतच पाणी कमी आहे. तसेच, रक्तवाहिनी अरुंद झालेली किडनी 'दाब कमी आहे' असे समजून रेनिन नावाचे द्रव्य सोडते आणि साऱ्या शरीराचा रक्तदाब चढतो. गोळी दाब उतरवते, नळ मोकळा करत नाही.

वयस्कांत ही वाहिनी बहुधा चरबी साचून अरुंद होते. आपल्या देशात तरुण मुलींत मात्र 'ताकायासू' हा आजार हे एक मोठे कारण आहे. जपानचे नेत्रवैद्य ताकायासू यांनी १९०८ साली त्याची माहिती प्रथम मांडली. यात रक्तवाहिनीची भिंतच सुजते. एमआरआयमध्ये वाहिनी किती अरुंद आहे हे दिसते, भिंतीची सूजही दिसते आणि क्ष-किरण वापरावे लागत नाहीत. वारंवार तपासणी लागणाऱ्या मुलीसाठी हा मोठाच फायदा. पुतणीच्या डाव्या किडनीची वाहिनी अशीच सुजलेली निघाली. आता सुजेवर औषध चालू आहे. फुग्याने वाहिनी रुंद करायची की नाही, ते सूज उतरल्यावर ठरेल.

तपासणीला जाताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, ते चुंबक सदैव चालू असते. २०१८च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत शिरलेल्या एका नातेवाईक तरुणाचा जीव गेला. धातूची वस्तू कोणी आत न्या म्हटले तरी नेऊ नका. शरीरात पेसमेकर वा सळई असेल तर आधीच सांगा. दुसरी, शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देणार असतील तर क्रिएटिनिनचा अहवाल दाखवा. किडनी फारच अशक्त असेल तर या औषधाच्या जुन्या प्रकारांनी कातडी कडक होण्याचा आजार होतो, हे २००६ साली लक्षात आले. नव्या प्रकारांत हा धोका फार कमी आहे आणि औषधाशिवायही तपासणी करता येते.

चित्रात अरुंद दिसली म्हणून प्रत्येक वाहिनीत स्टेंट घालायचा नसतो. चरबीमुळे वाहिनी अरुंद झालेल्या नऊशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या औषधांपेक्षा स्टेंटने अधिक लाभ झालेला दिसला नाही. म्हणून 'कारण कोणते?' हे डॉक्टरांना विचारा. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

भगिनींनो, लपवलेला रक्तदाब बाळंतपणात आई आणि बाळ दोघांच्या जिवावर उठतो. आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हातांनी धुतले, त्याचा आजार झाकला नाही. आपल्या लेकीसुनांचा रक्तदाब एकदा तरी दोन्ही हातांना मोजून घ्या आणि मोठा फरक दिसला तर गप्प बसू नका.

जयभीम!