कोंबडीला विचारलं तेव्हा

पशुवैद्यक झाले तेव्हा रोग ओळखून औषध देणं एवढंच माझं काम, असं मला वाटायचं. पुढे प्राणिकल्याणाचं विज्ञान आणि नीतिशास्त्र शिकायला ब्रिटनला निघाले, तर घरात एकच प्रश्न: मुक्या जनावराची दया यायला एवढं शिक्षण कशाला?

उत्तर मला एका जाळीने दिलं. कारखानी पशुपालनावरचं रूथ हॅरिसन यांचं पुस्तक ‘ॲनिमल मशीन्स’ १९६४ मध्ये आलं आणि खळबळ उडाली. त्यातून ब्रिटिश सरकारने नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने १९६५ मध्ये सांगितलं, की कोंबड्यांच्या पिंजऱ्याच्या तळाला बारीक षटकोनी जाळी नको, जाड तारेची वापरा. माणसं सहृदय होती, सल्ला कळवळ्याचा होता. १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी दोन्ही जाळ्या कोंबड्यांपुढे ठेवल्या. कोंबड्यांनी बारीक जाळी पसंत केली. तिच्यावर पावलाला जास्त ठिकाणी आधार मिळतो. आपल्या कळवळ्याला त्यांचे पाय कळले नव्हते.

पण दोन जाळ्यांतली एक पत्करली म्हणजे कोंबडीला जाळीच हवी, असं होत नाही. अंडं घालायची वेळ आली की घरट्यासाठी ती जड दार ढकलते. किती जड, ते मोजता येतं. मात्र तिने किती जोर लावला म्हणजे पिंजरा अन्यायाचा ठरतो, हे कुठलंच मोजमाप सांगत नाही. इथून नीतिशास्त्र सुरू होतं. असा निवाडा करत युरोपीय संघाने १९९९ मध्ये निर्णय घेतला आणि २०१२ पासून जुन्या पद्धतीचे पिंजरे बंद केले.

परत आल्यावर ऊसपट्ट्यात खांदेसुजीचे बैल तपासताना एक म्हातारे गाडीवान म्हणाले, “डॉक्टरीणबाई, त्यो आपसुक मान देतो जुवाला.” देत होता, मी पाहिलं. पण मान न देण्याची वाट त्याला कधी दाखवली होती का?

ओढकामाच्या जनावरांसाठी भारतात १९६५ चे नियम आहेत: दिवसात नऊ तासांहून जास्त काम नको, सलग पाच तासांहून जास्त नको, पारा ३७ अंशांवर जात असेल तिथे दुपारी बारा ते तीन जुंपू नये. आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी झोपडीवजा कोपीत राहणारं, पहाटेपासून उसाच्या फडात वाकलेलं ऊसतोड जोडपं समोर असताना हे नऊ तास वाचून दाखवायला माझी जीभ रेटत नाही. त्यांचे तास कोण मोजतं? बैलाचा खांदा आणि बाईची कंबर एकाच खेपेने मोडते. बैलाच्या कल्याणाचा विचार या घराला वगळून करणारा अभ्यास मला अपुरा वाटतो.

दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो. रस्त्यात उसाची गाडी थांबलेली दिसली तर बैलाचा खांदा बघा. सूज किंवा जखम असेल तर गाडीवानावर ओरडू नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता सांगा, आणि जमलं तर सोबत जा.